दूध उत्पादक म्हणजे कोण?

माझे वडील गेले तेव्हा आमच्या गावच्या दूध संस्थेनं एक काम फार तत्परतेनं केलं. तेरावं झालं, पाहुणे अजून पांगलेही नव्हते, तोवर सेक्रेटरी दारात आला आणि वडिलांच्या जागी सभासद म्हणून माझ्या भावाचं नाव लावून गेला. भाऊ तेव्हा कबनूरला कापडाच्या मागावर कामाला होता. सणाला घरी यायचा, पोटभर झोपायचा आणि परत जायचा. गोठ्यातली कोणती म्हैस गाभण आणि कोणती दुभती, हे त्याला आईला विचारावं लागायचं. पण संस्थेच्या लेखी आमच्या घरातला दूध उत्पादक तोच. वैरण आणणारी, शेण काढणारी, सकाळ-संध्याकाळ धार काढून किटली घेऊन संस्थेत जाणारी माझी आई कुणीच नव्हती.

आमचं गाव नेसरीच्या पुढं, एस.टी. जिथं वळून परत फिरते तिथलं. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात वसतिगृहात राहून कायदा शिकत होते आणि शनिवारी गावी जात होते. अशाच एका शनिवारी आईनं मला वार्षिक सभेची गोष्ट सांगितली. भावाला मागावरून सुट्टी मिळाली नाही, म्हणून ती ठेवणीतलं लुगडं नेसून स्वतःच सभेला गेली आणि मागच्या बाजूला सतरंजीवर बसली. चेअरमननं तिला बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "अक्का, पोरगं न्हाय व्हय आलं? सभासदांची सभा हाय ही. तुमी च्या घ्या आणि जावा."

चेअरमन काही दुष्ट माणूस नव्हता. वडिलांच्या आजारपणात त्यानंच जीप दिली होती. त्याला आपण कुणाचा अपमान केला असं वाटलंही नसणार आणि मला खरा संताप या गोष्टीचाच आला. आई चहा न घेता घरी आली होती. मला म्हणाली, "तू कायदा शिकतीयास न्हवं? मग मी तिथं बसायचं न्हाय, हे कुठं लिवलंय तेवढं बघून सांग."

मला वाटलं, कुठंच लिहिलेलं नसणार. नुसती रीत असेल, आणि रीत म्हटली की भांडता येतं. संस्थेचे पोटनियम, म्हणजे संस्थेचा घरचा कायदा, सेक्रेटरीकडून मागून आणले. मळक्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ते होतं: सभासद म्हणजे दूध उत्पादक कुटुंबाचा प्रमुख, एका कुटुंबास एकच सभासदत्व. मी आईला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणी लिवलं?"

कायद्याच्या सगळ्या वर्षांत आम्हाला कायदा वाचायला शिकवलं होतं, पाठ करायला शिकवलं होतं. तो लिहितं कोण आणि कसा, याबद्दल एकानंही तोंड उघडलं नव्हतं. जसा काही तो पावसासारखा वरून पडतो आणि आपण फक्त छत्री धरायची.

पुढं वकिलीची सनद मिळाली आणि मी कोर्टासमोरच्या एका वकिलांकडं ज्युनिअर म्हणून लागले. माणूस हुशार, कामाला वाघ. त्यांना एकदा विचारलं, सर, पोटनियमात दुरुस्ती करायची असेल तर मसुदा कसा करायचा? ते हसले. "अहो, पोटनियम कोण लिहीत बसतं? छापील येतात. संस्थेचं नाव घालायचं, तारीख घालायची. आणि काही लिहायचंच झालं तर मागच्यावरून उतरवायचं." त्यांच्या ऑफिसात सगळंच मागच्यावरून उतरवलेलं असायचं. एका विहिरीच्या दाव्यात मी चुकून आधीच्या दाव्यातली पिठाची गिरणी तशीच ठेवली होती आणि समोरच्या वकिलांनाही ती दिसली नव्हती. मी ठरवलं, हे मी शिकणार. यांच्या नाकावर टिच्चून शिकणार.

शिकवायला कोणी नव्हतं. पण तोवर दोन हजार साल उलटलं होतं आणि राजारामपुरीत गल्लोगल्ली सायबर कॅफे झाले होते. मी जात होते तिथं प्लायवूडच्या खोक्यांना फुलाफुलांचे पडदे होते, चपला बाहेर काढाव्या लागत, आणि पान उघडायला इतका वेळ लागे की तेवढ्यात केसांची वेणी घालून व्हायची. पहिल्या रविवारी मी मोडक्या इंग्रजीत टाइप केलं: कायदा कसा लिहावा. वाटलं होतं, काही निघणार नाही, आणि निघालंच तर पैसे भरा म्हणून पाटी येईल.

पाटी आली नाही. कुठल्या कुठल्या देशांत सरकारचे कायदे लिहिणारी वेगळी कचेरी असते, तिथं माणसं आयुष्यभर तेवढंच काम करतात, आणि त्या कचेऱ्यांनी आपल्या नव्या माणसांसाठी केलेल्या पुस्तिका सगळ्या जगासाठी उघड्या टाकल्या होत्या. फुकट. एका विद्यापीठानं धडे आणि सरावाचे प्रश्न ठेवले होते. आपल्याकडचे कायदेही होते, इंग्रजीतून. मी त्या खोक्यात बसून अक्षरशः रडले. आमच्या सरांचं पुस्तकांचं कपाट कुलूपबंद असायचं आणि किल्ली त्यांच्या खिशात. इथं कुणीतरी, मला न ओळखणाऱ्या कुणीतरी, कपाटाची दारं उघडी टाकून दिली होती.

त्यानंतर माझे सगळे रविवार तिथंच गेले. कॅफेवाल्याला चैन पडेना. एकदा त्यानं विचारलंच, "ताई, लोकं हितं येऊन स्थळं बघत्यात, निकाल बघत्यात. तुमी काय बघतायसा येवढं?" मी म्हटलं, कायदा कसा करायचा ते. तो म्हणाला, "इलेक्शनला हुबारणार व्हय?" मी म्हटलं, उभी न राहताच करणार. त्यानंतर तो माझी छापलेली पानं स्वतः टाचून द्यायचा.

इंग्रजी कच्चं होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी एकेक पान काढत होते. पुस्तिका म्हणायची, आधी एक शब्दही लिहू नका. आज काय बिघडलंय आणि ते कुणाचं, हे साध्या भाषेत सांगता येतं का बघा. एका कलमात एकच गोष्ट सांगा. काम कुणी करायचं, ते नाव घेऊन सांगा. आणि लिहून झालं की ते तुमच्या वैऱ्यानं वाचावं तसं वाचा, वाकड्या मनानं, फट शोधत. हे शेवटचं मला फार पटलं. फटी शोधणारी माणसं आमच्या गावात उदंड होती.

सरावाचा एक प्रश्न होता होडीवर. होडी म्हणजे काय, अशी व्याख्या करा की काही सुटू नये आणि नको ते आत येऊ नये. तिकडच्या लोकांनी वल्हं, शीड, इंजिन असं बरंच धरलं होतं. मी हसत सुटले. आमच्याकडं पूर आला की गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहील पाण्यात सोडतात आणि तिच्यात माणसं बसवून बाहेर काढतात. त्यांच्या व्याख्येत काहील बसत नव्हती. काहिलीत बसलेल्या बाईला मग कायद्यानं काय समजायचं? तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या धड्यातलं मला त्यांच्याइतकंच कळतं, कदाचित काकणभर जास्तच.

ही हुशारी पहिल्या मसुद्यात मात्र दिसली नाही. हातात लेखणी आली आणि मी एकदम सरकार झाले. 'सदर संस्थेच्या उपरोक्त पोटनियमातील तरतुदींच्या अधीन राहून' असं सुरू झालेलं वाक्य पान उलटलं तरी संपेना. मोठ्या दिमाखात गावी जाऊन आईला वाचून दाखवलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. सगळं संपल्यावर म्हणाली, "झालं? ह्यात मी कुठं हाय?"

मी भडकले. तुला कळत नाही म्हणाले, कायदा असाच असतो म्हणाले. मग तोच कागद पुन्हा वाचला, वैऱ्याच्या डोळ्यांनी. आई खरंच त्यात कुठं नव्हती. मी तो फाडून चुलीत घातला. निदान भाकरीला कामी आला.

मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणं सुरुवातीपासून धरलं. बिघडलंय काय? जी म्हैस सांभाळते ती सभासद नाही. मग सभासद कोण असावा? दूध उत्पादक. आणि दूध उत्पादक म्हणजे कोण? सगळं या एका व्याख्येवर येऊन अडलं.

पहिल्यांदा लिहिलं: म्हशीची मालक असलेली व्यक्ती. वाकड्या मनानं वाचलं. म्हशीला सातबारा नसतो. म्हैस कुणाची, तर ज्यानं बाजारातून आणली त्याची, आणि बाजारात जातात पुरुष. म्हणजे मालक म्हटलं की फिरून गाडी भावाच्या दारात. खोडलं. मग लिहिलं: संस्थेत दूध आणून घालणारी व्यक्ती. हे बरं वाटलं. पण चेअरमनच्या डोक्यानं वाचलं तेव्हा लक्षात आलं, उद्या प्रत्येक घरातला दीर नाहीतर पुतण्या किटली घेऊन ऐटीत संस्थेत जाईल, आणि धार काढणारी बाई गोठ्यातच राहील. तेही खोडलं.

शेवटी मी म्हशीलाच विचारायचं ठरवलं. म्हैस फार मानी जनावर. ओळखीचा हात असल्याशिवाय ती पानवत नाही, सडात दूध उतरू देत नाही. तिच्यापुढं कुणाचा वशिला चालत नाही. मग मी लिहिलं: ज्या व्यक्तीच्या हाताला जनावर नेहमी पानवते ती व्यक्ती. आईला वाचून दाखवलं. या वेळी तिनं हातातलं काम थांबवलं. तिचा चेहरा उजळला आणि मग ती एकाएकी हसायलाच लागली.

"अगं, मी तुझ्या मावशीच्या बाळंतपणाला गेलतो," ती म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'मी गेलतो' असंच म्हणतात. "तवा म्हस तुझ्या बापाला जवळ येऊ दीना. मग त्येनं काय केलं? माझं लुगडं नेसलं, डोक्यावर पदर घेतला आणि बसला धारंला. म्हशीला वाटलं मीच हाय."

हे काही आमच्याच घरातलं गुपित नव्हतं. बायको माहेरी गेली की गावोगावचे गडी हेच करतात. पहाटे अंधारात लुगडं गुंडाळायचं, धार काढायची, उजाडायच्या आत सोडून ठेवायचं. सगळ्यांना ठाऊक, आणि कुणी कधी बोलायचं नाही. पण माझ्या व्याख्येला ही भलीमोठी फट होती. सभासदत्वासाठी उद्या गावातला पुरुषवर्ग रोजच लुगडी नेसायला लागला तर? आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग मी डोळे पुसले आणि पुस्तिकेत शिकवलं होतं तसं व्याख्येखाली एक स्पष्टीकरण लिहिलं: दुसऱ्याचे लुगडे नेसून काढलेली धार ही, लुगडे जिचे असेल तिने काढली असे समजले जाईल.

हे माझं आयुष्यातलं पहिलं खरं कायद्याचं वाक्य. त्याच्यात एकही शब्द उधारीचा नव्हता.

दुरुस्ती मांडायला सभासदाची सही लागते. म्हणजे भावाची. तो गणपतीला आला तेव्हा मी कागद पुढं केला. वाचून तो कानकोंडा झाला. "गावात लोक हसतील गं." आई म्हणाली, "हसू देत की. तू कबनूरला असतोस, तुला कुठं ऐकू येतंय?" त्यानं सही केली. त्याच्या नावावर असलेलं सभासदत्व यामुळं जाणार, हे त्याला नीट कळलं होतं आणि तरीही केली. त्याबद्दल त्याला मी आयुष्यभर मानते.

सभा संस्थेच्याच इमारतीत, संध्याकाळी भरली. मी सभासद नव्हते, त्यामुळं दाराबाहेर वऱ्हांड्यात उभी होते. दूध घालायची वेळ झालेली, म्हणून किटल्या घेऊन आलेल्या बायकाही तिथंच होत्या, आणि त्यांच्यात आई. विषय आला. चेअरमननं कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचला. 'पानवते' पर्यंत गंभीर होता. लुगड्यापाशी आला आणि सगळी सभा फुटली. माणसं मांड्यांवर थापा मारून हसत होती.

"दूध उत्पादक कोण, ह्यात इचारायचं काय हाय?" चेअरमन ओरडला. "उत्पादक म्हस हाय की! तिलाच सभासद करूया." पुन्हा हशा. मग त्यानं कागद हलवत विचारलं, "आणि हे लुगड्याचं काय काढलंय? असलं कोण करतंय? आमच्या गावातला गडी लुगडं नेसतोय व्हय?"

हशा थांबला. एकदम थांबला. प्रत्येक जण समोरच्याच्या पाठीकडं बघायला लागला. आणि वऱ्हांड्यातून, आईच्या शेजारून एक आवाज आला, "चेअरमन, माझ्या परड्यातनं तुमचा गोठा दिसतोय की!"

त्यानंतर जे झालं त्याला हसणं म्हणतात का मला ठाऊक नाही. बायका किटल्या खाली ठेवून हसत होत्या. आतले पुरुष खाली मान घालून हसत होते. चेअरमनचा चेहरा लालबुंद. त्यानं टेबल आपटलं आणि हा विषय पुढच्या सभेला घेऊ, असं जाहीर केलं. पुढची सभा म्हणजे पुढचं वर्ष.

आई दारात आली. उंबऱ्याच्या आत तिनं पाऊल टाकलं नाही. "बरं हाय," ती म्हणाली. "मग पुढल्या सभेपतोर धार सभासदांनीच काढायची. आमी कोण काढणार?"

मला वाटलं ती रागाच्या भरात बोलली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतल्या आणि खालच्या आळीतल्या बायका गोठ्याकडं फिरकल्याच नाहीत. सगळ्या गावानं केलं असं नाही. काही घरांत सासूनं डोळे वटारले, काही ठिकाणी मार बसेल अशी भीती होती, आणि त्या बायकांना कुणी नावं ठेवली नाहीत. पण जेवढ्यांनी केलं तेवढं पुरलं. म्हशी हंबरून गल्ली डोक्यावर घेत होत्या. घरोघरी लुगडी शोधली जात होती, आणि बायकांनी ती ट्रंकेत घालून किल्ल्या कनवटीला लावल्या होत्या. एका सभासदानं धोतरावरच धारेला बसायचं धाडस केलं आणि म्हशीनं त्याला शेणाच्या पोवात बसवला. दूध न्यायला तालुक्याहून येणारा टेम्पो संस्थेसमोर उभा राहून हॉर्न वाजवत होता आणि सेक्रेटरी रिकाम्या कॅनांकडं बघत होता.

आठवडाही निघाला नाही. संस्थेनं खास सभा बोलावली. त्याआधी चेअरमन आमच्या घरी आला, माझ्यासमोर बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताईसायब, नियम घेऊ. पर लुगड्याचं तेवढं काढा. वर मंजुरीला जाणार हाय कागद, तालुक्यात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय."

मी म्हटलं, काढते. पण मग कुटुंबप्रमुखही काढायचा, आणि एका घरात एकच सभासद हेही. तो कबूल झाला. त्याला वाटलं असावं, लुगड्यापेक्षा ते परवडलं. मग आम्ही दोघांनी मिळून आमच्या कट्ट्यावर बसून नवी व्याख्या केली: दूध उत्पादक म्हणजे जनावर सांभाळणारी, म्हणजे त्याला वैरण-पाणी करणारी व त्याची धार काढणारी, अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती. ठराव झाला, वरून मंजुरी आली, आणि पासबुकावर माझ्या आईचं नाव लागलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं ते पासबुक उघडून आपल्या नावावरून बोट फिरवलं. मी तेव्हा इतकी फुशारले होते की कोल्हापुरात आल्यावर कॅफेवाल्याला पेढे नेऊन दिले.

कायदा लिहिणारीची खरी परीक्षा त्यानंतर झाली.

आईनं एक अशक्त रेडी बौद्धवाड्यातल्या एका बाईला अर्धलीनं दिली होती. म्हणजे तिनं रेडी सांभाळायची, ती मोठी होऊन व्याली की दूध सांभाळणारीचं आणि म्हशीची किंमत दोघींत निम्मी-निम्मी. जगणार नाही म्हणून दिलेली ती रेडी त्या बाईनं बाटलीनं दूध पाजून जगवली. तिची चांगली दांडगी म्हैस झाली, व्याली, भरपूर दूध द्यायला लागली. ते दूध ती बाई रोज संस्थेत आणून घालायची, आमच्या आईच्या खात्यावर, आणि पैसे आईच्या हातून घ्यायची. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एके दिवशी तिनं सभासद होण्यासाठी अर्ज दिला.

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. मी गावी आले तेव्हा घरात तोच विषय. "म्हस माझी, आणि नाव तिचं? उद्या घरात येऊन बसंल!" बोलण्यात फक्त म्हैस नव्हती, वाडाही होता, आणि ते ऐकताना मला लाज वाटली. तेवढ्यात ती बाईच आली. चेअरमन बसला होता त्याच कट्ट्यावर बसली. तिच्या हातात पोटनियमांची नवी पुस्तिका होती. आईकडं न बघता मला म्हणाली, "ताई, वैरण-पाणी मी करते. धार मी काढते. माझं वय अठराच्या वर हाय. अजून काय पायजे?"

मी म्हटलं, काही नको.

"तुमी हे तुमच्या आईसाठी लिवलासा, म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "पर कागदावर तुमच्या आईचं नाव न्हाय."

ती गेल्यावर आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "येक सबूद घाल तेवढा. सवताचं जनावर, म्हणून. चेअरमन घील की लगीच. तुझ्याच हातचा हाय न्हवं नियम?" एकच शब्द. 'जनावर'च्या आधी 'स्वतःचे'. कुठं बसेल ते मला तत्क्षणी दिसलं. दुरुस्तीची सूचना कशी द्यायची, कारण काय दाखवायचं, सगळं मला पाठ होतं. इतके रविवार घालवून मी जे शिकले होते ते याच कामाला किती सहज लागणार होतं! मी म्हटलं, नाही घालणार. आईनं मला कृतघ्न म्हटलं, शहरात जाऊन डोकं फिरलं म्हटलं. मीही काही गप्प बसले नाही. तुला सतरंजीवरून उठवलं तेव्हा चेअरमनकडंही असाच एक शब्द होता, हे मी तिला तोंडावर सुनावलं. त्या रात्री ताट माझ्यापुढं आदळलं गेलं.

वार्षिक सभा आली. मी पुन्हा दाराबाहेर. आई आता आत, बायकांच्या पुढच्या रांगेत. सभासद झाल्यापासून ती सभेत एक अक्षर बोलली नव्हती, फक्त हजर राहायची. अर्जाचा विषय निघाला तशी कुजबुज सुरू झाली. "वाड्यातलं दूध" असं कुणीतरी पुटपुटलं, आणि कुणीही त्याला गप्प केलं नाही. अर्ज केलेली बाई भिंतीला टेकून ताठ उभी होती. चेअरमननं घसा खाकरला. त्याला वाट सापडली होती.

"अक्का, म्हस तुमची हाय," तो गोड आवाजात म्हणाला. "तुमी न्हाय म्हणालासा, तर इषयच मिटला."

सगळ्यांनी आईकडं बघितलं. मीही बघितलं. तिला नकार देण्याची इच्छा होती. मी तिची मुलगी, मला तिच्या खांद्यांवरून कळतं. ती उठली आणि तिनं पदर खोचला.

"म्हस माझी हाय," ती म्हणाली. "सांभाळती ती." मग तिचा आवाज चढला. "आणि मला काय इचारतायसा? मी आत आलो, ते काय तुमाला इचारून आलो व्हय?"

ती खाली बसली. सेक्रेटरीनं अर्ज मंजूर असं लिहिलं आणि चेअरमननं पुढचा विषय पुकारला. ती बाई टेबलापाशी गेली, सही केली आणि कुणाचे आभारबिभार न मानता बायकांच्या पुढच्या रांगेत येऊन उभी राहिली. आईनं तिच्याकडं बघितलंही नाही, फक्त सरकून जागा केली.